क्षमता आणि मागणी

गेम कन्सोलची ताकद मोजण्याची रूढ मापे तीन: प्रोसेसरचा वेग, पडद्यावरचे चित्र घडवणाऱ्या ग्राफिक्स चिपची गणनक्षमता आणि मेमरी. ग्राफिक्स चिपची क्षमता हल्ली टेराफ्लॉपमध्ये सांगतात. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. नवे यंत्र बाजारात येते तेव्हा जाहिरातीत हेच आकडे पुढे असतात. यशाची मापे निराळी आहेत: किती यंत्रे खपली, किती वर्षे खपत राहिली आणि त्यांच्यासाठी किती खेळ निघाले. पहिल्या आकड्यांवरून दुसऱ्यांचा अंदाज बांधता येतो का, याची परीक्षा गेल्या पन्नासेक वर्षांत प्रत्येक पिढीच्या यंत्रांनी दिली आहे.

वीजनिर्मितीत हा भेद रोजच्या व्यवहारातला आहे. भुसावळजवळ दीपनगरला महानिर्मितीचे 500 मेगावॅटचे दोन आणि 660 मेगावॅटचा एक संच आहे. हे आकडे स्थापित क्षमतेचे. कोणत्या संचाने किती वीज द्यायची हे राज्य भार प्रेषण केंद्र ‘मेरिट ऑर्डर’ पाहून ठरवते. ज्याची वीज स्वस्त पडते त्याला आधी बोलावणे येते. मागणी उतरली की महाग संच थांबवला जातो, कागदावरची त्याची क्षमता मात्र तेवढीच राहते. कन्सोलच्या बाजारातही क्षमता आणि मागणी यांचा हिशेब असाच वेगवेगळा मांडावा लागतो.

1977च्या अटारी 2600 या यंत्रात फक्त 128 बाइट मेमरी होती. मराठीतले एखादे लांब वाक्यही तेवढ्या जागेत मावत नाही. त्यानंतर इंटेलिव्हिजन आणि कोलेकोव्हिजन ही अधिक ताकदीची यंत्रे आली, तरी खपात अटारीच पुढे राहिली. 1983 साली जपानमध्ये निन्टेन्डोचे फॅमिकॉम आले. त्याची मेमरी दोन किलोबाइट आणि प्रोसेसर आठ बिटांचा. सेगाचे मास्टर सिस्टिम ताकदीने त्याच्यापेक्षा सरस होते. तरीही फॅमिकॉम आणि त्याची परदेशी आवृत्ती मिळून सुमारे 6.2 कोटी यंत्रे विकली गेली. मारिओसारखे खेळ तिथेच होते आणि इतर कंपन्यांचे बहुतेक गाजलेले खेळही त्याच यंत्रासाठी निघत होते.

भारतात आले ते याच फॅमिकॉमचे अनुकरण. 1990च्या दशकात ‘लिटल मास्टर’सारख्या नावांची यंत्रे घरोघरी ‘टीव्ही गेम’ किंवा नुसती ‘व्हिडिओ गेम’ म्हणून ओळखली जात. पुढे मुंबईच्या मिताशी कंपनीने ‘गेम इन’ या नावाने तसाच माल विकला. खेळाच्या कार्ट्रिजला इकडे ‘कॅसेट’ म्हणत. एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा वेष्टणावर असे आणि यादी उघडली की तेच पाच-दहा खेळ फिरून फिरून येत. याच काळात, 1994 साली, जपानमध्ये 32 बिटांचे प्लेस्टेशन विकायला आले होते. तांत्रिकदृष्ट्या हे टीव्ही गेम पिढी-दोन पिढ्या मागे होते. पण ते अँटेनाच्या वायरीने कोणत्याही जुन्या टीव्हीला जोडता येत, छोट्याशा अडॅप्टरवर चालत आणि जळगाव-धुळ्यासारख्या शहरांतल्या मध्यमवर्गीय घराला परवडत. कॉन्ट्रा आणि मारिओ खेळायला त्याहून जास्त ताकद लागतच नव्हती.

हातात धरून खेळायच्या यंत्रांची कथाही वेगळी नाही. 1989 साली निन्टेन्डोचा गेम बॉय आला. त्याचा पडदा हिरवट एकरंगी होता आणि मागून उजेडही नव्हता. अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर यांचे पडदे रंगीत आणि उजळ होते, पण सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चाले. रंगीत आवृत्ती धरून तो 11.8 कोटींवर विकला गेला; गेम गिअरचा खप सुमारे एक कोटीवर थांबला. गेम बॉयचे शिल्पकार गुनपेई योकोई यांचे सूत्रच असे होते की जुनी, स्वस्त, हात बसलेली तंत्रे घ्यावीत आणि त्यांचा नवा उपयोग शोधावा.

ताकद असूनही खेळ का येत नाहीत, याचे उत्तर 1996च्या निन्टेन्डो 64मध्ये सापडते. त्याची चिप प्लेस्टेशनपेक्षा वरचढ होती, पण खेळ कार्ट्रिजवरच द्यावे लागत. कार्ट्रिज महाग आणि जागा थोडी. प्लेस्टेशनची सीडी स्वस्त आणि तिच्यात जवळपास 650 मेगाबाइटची सोय. ‘फायनल फँटसी 7’ हा तीन सीडींचा खेळ 1997 साली प्लेस्टेशनवर आला तो यामुळेच. अखेरचा हिशेब असा: प्लेस्टेशन दहा कोटींवर, निन्टेन्डो 64 सुमारे 3.3 कोटी. पुढच्या पिढीत मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स 733 मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरसह उतरला. प्लेस्टेशन 2चा वेग सुमारे 294 मेगाहर्ट्‌झ होता. एक्सबॉक्स 2.4 कोटींच्या आसपास गेला आणि प्लेस्टेशन 2चा खप पंधरा कोटींच्या पुढे पोहोचला. प्लेस्टेशन 2 दीड वर्ष आधी आले होते, त्यावर जुने खेळ चालत आणि घरात डीव्हीडी प्लेअर म्हणूनही ते उपयोगी पडे.

2006 साली हा भेद टोकाला गेला. प्लेस्टेशन 3मधला ‘सेल’ प्रोसेसर त्या वेळी अचाट ताकदीचा मानला गेला, पण त्याचे मुख्य केंद्र आणि सहायक केंद्रे यांच्यात काम वाटून देणे प्रोग्रामरांना फार जड गेले. सुरुवातीचे अनेक खेळ त्यामुळे त्यापेक्षा साध्या रचनेच्या एक्सबॉक्स 360वरच अधिक सफाईने चालत. त्याच वर्षीचे निन्टेन्डोचे वी आदल्या पिढीच्या यंत्राची थोडी सुधारलेली आवृत्तीच होते. हातातला रिमोट हलवून टेनिस किंवा बोलिंग खेळायची त्यातली युक्ती आजी-आजोबांनाही जमली आणि वी दहा कोटींवर गेले. प्लेस्टेशन 3 सुमारे 8.7 कोटींवर थांबले. विजेचा खर्चही बोलका होता: खेळ चालू असताना सुरुवातीचे प्लेस्टेशन 3 सुमारे 200 वॅट घेई, वी वीस वॅटच्या आत भागवत असे. दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसणाऱ्या त्या काळच्या महाराष्ट्रात, इन्व्हर्टरवर टीव्ही चालवणाऱ्या घराला हा फरक छोटा नव्हता.

एप्रिल 2007मध्ये प्लेस्टेशन 3 भारतात आले ते 39,990 रुपयांना. साहजिकच इथे जुने प्लेस्टेशन 2 विकले जात राहिले आणि सोनीने त्याच्यासाठी भारतीय खेळ काढले. 2009 साली ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला. 2010 साली मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्ली क्रिकेटवरचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ केला, तर 2011 साली याच कंपनीचा ‘रा.वन’ निघाला. ‘डॉन 2’चा खेळ प्लेस्टेशन 2वर आला तो 2013 साली, म्हणजे यंत्र बाजारात आल्यानंतर तेरा वर्षांनी. प्लेस्टेशन 2चे उत्पादन त्याच सुमारास थांबले. नव्या यंत्राची क्षमता कितीतरी मोठी होती, तरी खेळ करणाऱ्याला गिऱ्हाईक जुन्या यंत्राभोवती दिसत होते.

म्हणून ताकद निरुपयोगी ठरते असे नाही. 2013 साली प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन एकाच महिन्यात आले. दोघांची अंतर्गत रचना सारखी होती आणि बहुतेक खेळही तेच. प्लेस्टेशन 4ची क्षमता 1.84 टेराफ्लॉप, एक्सबॉक्स वनची 1.31. तोच खेळ एकीकडे अधिक स्पष्ट दिसे आणि ते यंत्र अमेरिकेत शंभर डॉलरने स्वस्तही होते. इथे ताकद निर्विवाद कामी आली. उलट बाजूने, निन्टेन्डोचे वी यू 2012 साली आले तेव्हा त्याची ताकद इतकी अपुरी होती की इतर कंपन्यांनी आपले मोठे खेळ त्यावर आणणे लवकरच सोडले. ते 1.36 कोटींवर संपले. कमी ताकद हा स्वतःहून गुण होत नाही. तिच्या बदल्यात कमी किंमत, लांबणारी बॅटरी किंवा खेळण्याची नवी रीत मिळावी लागते.

2017चे निन्टेन्डो स्विच याचे ठळक उदाहरण आहे. टीव्हीला जोडल्यावरही त्याची क्षमता अर्ध्या टेराफ्लॉपपेक्षा कमी, पण तेच यंत्र उचलून प्रवासात खेळता येते. त्याचा खप पंधरा कोटींवर गेला. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, भारतीय पुराणकथांवर आधारलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ ऑगस्ट 2020मध्ये आधी स्विचवर आला, प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्स वन आणि संगणकावर तो ऑक्टोबरमध्ये पोहोचला. तिन्ही कन्सोलांत सर्वांत कमी ताकदीच्या यंत्रावर पुण्याच्या या स्टुडिओने पहिले पाऊल टाकले.

त्यानंतरच्या स्पर्धेत 12 टेराफ्लॉपचा एक्सबॉक्स सिरीज एक्स 10.28 टेराफ्लॉपच्या प्लेस्टेशन 5च्या मागे पडला, कारण प्लेस्टेशन 4चे गिऱ्हाईक आणि त्यांनी विकत घेतलेले खेळ सोनीकडे होते. खानदेशातल्या बहुसंख्य तरुणांनी तर कन्सोल हातात घेतलाच नाही. 2016नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि खेळ फोनवर आला. तिथेही स्वस्त, कमी मेमरीच्या फोनवर चालणारा ‘फ्री फायर’ 2022 साली सरकारने त्यावर बंदी घालेपर्यंत गावोगाव खेळला गेला.

नव्या कन्सोलबद्दल विचारायचे प्रश्न यातून क्रमाने निघतात. पहिल्याच दिवशी त्यावर कोणते खेळ आहेत, जुने खेळ चालतात का, किंमत किती आणि खेळ बनवणाऱ्यांना त्यावर काम करणे किती सोपे आहे? या चारही बाबतींत दोन यंत्रे तोडीस तोड असतील तर टेराफ्लॉपचा आकडा पारडे झुकवतो. तोवर ती केवळ स्थापित क्षमता असते.