गोड वासात कडू कोको: लिमिटेड एडिशन कशाच्या जोरावर विकलं जातं?

परफ्यूमचं किंवा गिफ्टचं दुकान टाकायचं म्हणणारे बरेच जण मला विचारतात, "लिमिटेड एडिशन असा स्टिकर लावला की माल पटापट खपतो ना?" नुसत्या स्टिकरवर माल खपत नाही. का खपत नाही, ते एका खऱ्या परफ्यूमवरून बघू.

1992 मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर थिएरी म्युग्लर यांचं 'एंजल' बाजारात आलं. ते बनवणारे परफ्यूमर होते ऑलिव्हिए क्रेस्प. म्युग्लरना लहानपणीच्या जत्रेचा वास हवा होता: म्हातारीचे केस, कॅरॅमल, चॉकलेट. त्यासाठी क्रेस्प यांनी एथिल माल्टोल वापरलं. या पदार्थाला साखर वितळून तपकिरी व्हायला लागते तेव्हाचा वास असतो.

पण नुसती साखर असती तर वास मिठाईच्या दुकानासारखा झाला असता. म्हणून जोडीला घातलं भरपूर पॅचौली. आपल्याकडे वेणीत मरव्यासोबत ओवतात ती पाच, तिच्याच वाळलेल्या पानांचं तेल. मातीसारखं, गडद, किंचित कडवट. गोड आणि गडद यांच्या ओढाताणीतूनच त्या वासाला मादकपणा आला.

आता लिमिटेड एडिशनकडे येऊ. 2011 मध्ये याच एंजलची एक आवृत्ती आली, 'ल गू द्यु पार्फां', म्हणजे 'सुगंधाची चव'. त्यासाठी एलेन दारोझ या फ्रेंच शेफची साथ घेतली होती. शेफ भाजीत शेवटी एखादा मसाला घालून चव उठवतो, तसंच इथे केलं. मूळ एंजल तेच ठेवलं आणि त्यात कडू कोको घातला. कोकोमुळे गोडवा कोरडा आणि प्रौढ होतो, आणि खालची पॅचौली जास्त उबदार वाटते. हा संध्याकाळी लावायचा वास, एक फवारा पुरे.

यातून आपण काय शिकायचं?

पहिलं, ओळखीच्या मालात एकच बदल करा. ज्याला एंजल माहीत आहे त्याला "तेच, पण कोको घालून" एवढं सांगितलं तरी समजतं. सगळंच नवीन असेल तर समजावण्यातच गिऱ्हाईक निघून जातं.

दुसरं, वेगळेपण बाटलीच्या आत पाहिजे. खोकं बदललं आणि आत माल तोच, हे गिऱ्हाइकाच्या नाकाला लगेच कळतं.

तिसरं, "संपलं" म्हणजे खरंच संपलं. "शेवटचे पाच नग" म्हणून विकलेला माल पुढच्या आठवड्यात पुन्हा काउंटरवर दिसला, तर तुमच्या पुढच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? छोट्या दुकानाकडे जाहिरातीचं बजेट नसतं. आपलं भांडवल म्हणजे आपला शब्द.

आता आकडे बघू. समजा एक बाटली तुम्हाला 350 रुपयांना पडते. 12 बाटल्या घेतल्या तर 4,200 रुपये गुंतले. चार उरल्या तरी 1,400 रुपयेच अडकले. त्याच 100 घेतल्या तर 35,000 रुपये गेले, आणि मग "लिमिटेड" म्हणायचं तरी कशाला? पहिल्यांदा छोटा लॉटच घ्या.

गोड, जड वास दिवाळीपासून थंडीभर ठेवा. मे महिन्याच्या उकाड्यात तोच वास डोक्यात जातो. गिऱ्हाइकाला आधी कागदी पट्टीवर वास द्या, आवडला तर मनगटावर लावा आणि सांगा, "बाजारात एक चक्कर मारून या." अर्ध्या तासाने वरचा गोडवा बसतो आणि खालचा खरा वास कळतो. जो परत येतो तो बहुतेक वेळा घेऊनच जातो, आणि घरी जाऊन पस्तावत नाही.

एक काळजी घ्या. दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव आपल्या बाटलीवर टाकू नका. आणि स्वतः बनवून विकणार असाल तर कॉस्मेटिक उत्पादनाचा परवाना लागतो, तो आधी काढा.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानातला सगळ्यात जास्त खपणारा वास कोणता, आणि त्यात कोणती एकच गोष्ट घातली तर तो दिवाळीसाठी खास होईल? एका ओळीत लिहून काढा. एका ओळीत बसलं नाही, तर ते गिऱ्हाइकालाही एका वाक्यात सांगता येणार नाही.