चाळीस वर्षांची रेसिंग बग्गी अजून कशी पळते? जुन्या आरसी कारच्या आत डोकावूया

चार-पाच वर्षांचा स्मार्टफोन आपल्याला 'म्हातारा' वाटायला लागतो. बॅटरी दुपारीच संपते, अपडेट बंद होतात आणि दुरुस्तीचा खर्च ऐकला की नवीनच घ्यावा असं वाटतं. माझ्याकडे मात्र १९८४ साली बाजारात आलेल्या डिझाइनची एक रेडिओ कंट्रोल बग्गी आहे. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीची 'हॉर्नेट'. १९८८ मध्ये माझ्या मामाने ती दुबईहून आणली आणि स्वतः जोडली. आज मी ती रविवारी मुरमाच्या मैदानावर पळवतो. दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मला ही गाडी का आवडते? कारण फोन जे काचेखाली लपवतो, ते सगळं इथे उघड्यावर दिसतं.

खेळणं आणि आरसी बग्गी यात फरक काय?

जत्रेतल्या रिमोट कारला बहुतेक वेळा दोनच गोष्टी कळतात: चालू आणि बंद. आरसी बग्गीत तुम्ही ट्रिगर जेवढा दाबाल तेवढाच वेग आणि चाक जेवढं फिरवाल तेवढंच वळण. शिवाय ती सुट्या भागांच्या किटमध्ये मिळते. गिअरबॉक्स, शॉकअब्सॉर्बर, चाकं, सगळं आपणच जोडायचं. म्हणजे बिघडली तर उघडायची कशी, हे जोडतानाच कळलेलं असतं.

हॉर्नेट ही खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, मागच्या दोन चाकांवर चालणारी, नवशिक्यांना परवडेल अशी बग्गी. त्याच १९८४ मध्ये अमेरिकेच्या टीम असोसिएटेडने 'आरसी१०' आणली. सोनेरी ॲल्युमिनियमची चेसिस, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात झालेल्या जागतिक स्पर्धेत टू-व्हील ड्राइव्ह गटात ती जिंकली. हॉर्नेटचा मागचा ॲक्सल मात्र अखंड आहे आणि मोटर, गिअरबॉक्स त्याच्यासोबतच वर-खाली होतात. त्यामुळे खडबडीत जमिनीवर ती बेडकासारखी उड्या मारते. वळणाआधी वेग कमी करा आणि गाडी सरळ झाली की मगच ट्रिगर दाबा, नाहीतर मागची बाजू गर्रकन फिरते.

रिमोटची अँटेना एवढी लांब का होती?

मामाचा जुना रिमोट २७ मेगाहर्ट्झवर चालायचा. या लहरीची लांबी साधारण ११ मीटर असते, म्हणून रिमोटला ओढून लांब करायची अँटेना आणि गाडीला उभ्या नळीतून जाणारी वायर. आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे तुमचं वायफाय आणि ब्लूटूथ वापरतं त्याच पट्ट्यात चालतात. तिथे लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची. तिला तीन-एक सेंटीमीटरची छोटी वायर पुरते. फोनला बाहेर अँटेना का दिसत नाही, याचं एक कारण हेच.

जुन्या काळी फ्रिक्वेन्सी ठरवायला रिमोट आणि रिसिव्हरमध्ये क्रिस्टलची जोडी बसवायचे. दोघांकडे एकच फ्रिक्वेन्सी असेल तर तुमच्या गाडीला शेजाऱ्याचे हुकूम जायचे! म्हणून रेसच्या ठिकाणी कोण कुठली फ्रिक्वेन्सी वापरतोय याचा हिशोब ठेवावा लागे. आता रिमोट आणि रिसिव्हर एकदा 'बाइंड' केले की रिसिव्हर फक्त आपल्या रिमोटचंच ऐकतो. ब्लूटूथ इअरबड्स पेअर करतो ना, तसंच.

हुकूम चाकापर्यंत कसा पोहोचतो?

रिसिव्हर सर्वो नावाच्या छोट्या डबीला सेकंदाला साधारण ५० वेळा विजेचा एक ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर चाकं सरळ. तो एक मिलिसेकंदाकडे गेला तर एका बाजूला आणि दोनकडे गेला तर दुसऱ्या बाजूला. सर्वोच्या आत एक चिमुकली मोटर, गिअर आणि आपण किती फिरलो हे मोजणारा भाग असतो. एवढंच.

वेगाची गोष्ट जास्त मजेशीर आहे. जुन्या हॉर्नेटमध्ये दुसरा सर्वो एक दांडी सरकवतो आणि ती तांब्याच्या पट्ट्यांवरून फिरते. पूर्ण वेगात वीज थेट मोटरला जाते. कमी वेग हवा असेल तर तीच वीज रेझिस्टरमधून फिरवली जाते. म्हणजे गाडी हळू चालवा, उरलेली ताकद उष्णता होऊन वाया! हा रेझिस्टर एवढा तापतो की बोट लावायची सोय नाही.

आजचा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर वीज अडवत नाही, तो ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा वेळ जास्त तर वेग जास्त. अनेक ओलेड स्क्रीनचे फोन ब्राइटनेस कमी करताना हीच युक्ती वापरतात.

नुसता एमएएच बघू नका

मूळ काळातला पॅक निकेल कॅडमियमचा: १.२ व्होल्टचे सहा सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट आणि १२०० एमएएच. गुणाकार करा: साधारण ८.६ वॅट-तास. तुमचा ५००० एमएएचचा फोन ३.७ व्होल्टने धरला तर १८.५ वॅट-तास. फोन तेवढ्यावर दिवस काढतो. बग्गी तिचा पॅक दहा मिनिटांत संपवते असं धरलं, तर ती सरासरी ५० वॅटच्या आसपास वीज खाते. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना व्होल्टही बघायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अशा जुन्या गाडीत लिथियम पॉलिमर पॅक सरळ लावू नका. लिथियम सेल तीन व्होल्टच्या खाली उतरला की खराब होतो आणि नंतर चार्ज करताना फुगण्याचा, पेट घेण्याचाही धोका असतो. फोनमध्ये ते सांभाळणारं सर्किट असतं. आरसीच्या पॅकमध्ये सहसा ते नसतं आणि जुन्या यांत्रिक स्पीड कंट्रोलला तर बॅटरी कधी थांबवायची हे कळतच नाही. मी सहा सेलचा निकेल मेटल हायड्राइड पॅक वापरतो. व्होल्ट तेवढेच आणि जुन्या मोटरवर जास्तीचा ताणही नाही.

पळवायची की कपाटात ठेवायची?

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. पस्तीस-चाळीस वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होतं, टायर कडक होतात, शॉकअब्सॉर्बरचे रबरी सील तेल गाळायला लागतात. प्रत्येक उडीसोबत मामाची आठवण थोडी झिजणार. पण नुसती ठेवली तर ती गाडी उरत नाही, शोपीस होते.

मार्ग सापडला तो माझ्या कामातूनच. कोड बदलताना आपण नेहमी मागे फिरायची सोय ठेवतो. इथेही तोच नियम लावला: परत मूळ रूपात आणता येणार नाही असा एकही बदल करायचा नाही. नवा रिसिव्हर आणि स्पीड कंट्रोलर बसवला, पण एकही नवीन भोक पाडलं नाही. जुनी पार्टं नाव लिहून डब्यात ठेवली. बॉडी पातळ पॉलिकार्बोनेटची असते आणि तिला रंग आतल्या बाजूने मारतात. मामाने हाताने रंगवलेली बॉडी आता कपाटात आहे आणि मैदानात नवी बॉडी जाते. हे शक्य झालं कारण तामियाने २००४ मध्ये हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली. तिचे बरेचसे भाग जुन्या गाडीला बसतात.

तुम्हाला घ्यायची असेल तर

• शिकायला पुन्हा काढलेलं किट घ्या. जुनी घेताना चेसिसला तडे आहेत का, हे आधी बघा.

• प्लास्टिकमध्ये स्क्रू घालताना आधी तो उलटा फिरवा. 'टक्' करून जुन्या आट्यांत बसला की मग आवळा. आटे टिकतात.

• गाडी तुमच्याकडे येत असेल तेव्हा डावं-उजवं उलटं वाटतं. रिकाम्या मैदानात सराव करा, रस्त्यावर नाही.

• पळवून झाल्यावर मोटर थंड होऊ द्या आणि धूळ कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याचा पाइप लावू नका.

हॉर्नेट चाळीस वर्षं टिकली ती काही अमर प्लास्टिकमुळे नाही. ती स्क्रूने उघडते, तिची जोडणी पुस्तिकेत चित्रांसह दिलेली आहे आणि तिचे भाग आजही विकत मिळतात. पुढचा फोन घेताना कॅमेरा बघाच, पण दुकानदाराला हेही विचारा: याची बॅटरी बदलता येते का, आणि पार्ट किती वर्षं मिळणार?