भट्टी तीच, हात वेगळे

कोल्हापूरच्या रोजगाराचा मागोवा शाहू मिलपासून घ्यावा लागतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाच्या व्यापाराला बस्तान दिलं आणि १९०६ मध्ये कापड गिरणीचा पाया घातला. शेतीवर आणि दरबारी चाकरीवर चालणाऱ्या गावात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा कामगार हा नवा माणूस तिथून दिसू लागला. पुढे गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, तोटा वाढत गेला आणि २००३ मध्ये ती बंद पडली. कोटीतीर्थाजवळची चिमणी तेवढी राहिली. पण शहर म्हणून कोल्हापूर त्या धक्क्याने कोसळलं नाही. तोवर त्याने दुसऱ्या पोटापाण्याची सोय केली होती.

ती सोय लावण्याची इथली एक रीत होती. धंदा गेला तरी हातातलं कसब पुढच्या धंद्याच्या कामी यायचं. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सोबत्यांनी विलायती यंत्राची रचना समजून घेऊन स्वतःच कॅमेरा घडवला. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून ‘सैरंध्री’ (१९२०) निघाला. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. सुतार, रंगारी, शिंपी, मेकॅनिक अशा कितीतरी जणांची चूल सिनेमावर पेटत होती. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांनी ती परंपरा चालू ठेवली, तरी सिनेमाचं मोठं पोट पुण्या-मुंबईकडे सरकलं ते कायमचंच.

यंत्राशी झटणारी माणसं मात्र इथंच होती. शेतीपंपाच्या विलायती ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता इथले कारागीर सुटे भाग आणि मग अख्खं इंजिनच बनवू लागले. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरात, शहरातल्या या कारखान्यांच्या वस्तीत, आजही आदराने घेतली जातात. इंजिनाला ओतकाम लागतं, म्हणून फौंड्री आली. ओतकाम कातावं लागतं, म्हणून मशीनशॉप आलं. लाकडाचा पॅटर्न करणारा, वाळूचा साचा बांधणारा, कोअर बसवणारा, भट्टीतला लालभडक रस साच्यात ओतणारा आणि शेवटी कडा घासून फेटलिंग करणारा अशी एका इंजिनामागे पाच हातांची साखळी उभी राहिली. शिकाऊ पोरगा झाडू मारायला लागायचा आणि काही वर्षांत टर्नर होऊन निघायचा. काहींनी मग एक लेथ घेऊन स्वतःचं शेड टाकलं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती अशा माणसांनी गजबजल्या.

शेतावर वीज पोचली तशी ऑइल इंजिनांची मागणी ओसरली. फौंड्री तगली, कारण तोच रस आता मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांच्या साच्यांत जाऊ लागला. याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी गिऱ्हाईक शेजारच्या तालुक्यातला शेतकरी होता; आता ते पुण्याची किंवा परदेशातली वाहन कंपनी आहे. म्हणून २००८ ची मंदी आणि २०१९ ची वाहनविक्रीची घसरण इथे थेट शिफ्ट कमी होण्यातून जाणवली. विजेच्या दरावरून तर उद्योजकांनी सीमेपलीकडे कर्नाटकात जाण्याचे इशारे दिले.

ग्रामीण भागाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. वारणेला तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीला रत्नाप्पाण्णा कुंभार यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊस गुऱ्हाळाकडून गव्हाणीकडे वळला. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतल्या रसाचा बुडबुडा पाहून पाक ओळखायचा. त्या नजरेला कारखान्यात जागा नव्हती. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर कितीतरी चुलवाणं थंड पडली होती. १९६३ च्या दूध संघाने, म्हणजे गोकुळने, मात्र घराघरात दहा दिवसांचं बिल पोचवलं. त्याला कुणी नोकरी म्हणत नाही, म्हणून किती संसार त्यावर चालले याची मोजदाद नोकऱ्यांच्या आकड्यात होत नाही.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला, त्यातून अख्खं गाव मागावर उभं राहिलं. नोटाबंदी आणि वस्तू व सेवा कर हे धक्के पाठोपाठ आले, तेव्हा साधे माग भंगाराच्या भावाने गेले. त्यांच्या जागी शटललेस माग आले. त्यांवर कापड जास्त निघतं आणि माणसं कमी लागतात. कोल्हापुरी चपलेचंही तसंच. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीने कातडं दुर्मीळ झालं. २०१९ चं मानांकन आणि २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने दाखवलेल्या तशाच चपलांमुळे उठलेला गदारोळ यांनी नाव गाजलं, कारागिराची मजुरी त्या मानाने वाढली नाही.

आज कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत मोठे कारखाने आहेत. फौंड्रीतही काम आहे. पण साचा बांधणारा हात आता बहुतेक करून बिहार, उत्तर प्रदेश किंवा ओडिशाचा असतो, आणि तोही ठेकेदाराच्या हजेरीवर. २०२० च्या टाळेबंदीत ही माणसं रेल्वेने गावी गेली तेव्हा भट्ट्या सुरू करायला मालकांना हात शोधावे लागले. तोवर टर्नरचा शिकलेला मुलगा पुण्याच्या हिंजवडीत संगणकासमोर बसला होता. बापाने त्याला उद्यमनगरात घातलं नाही, यात बापाचीही चूक नाही. धूळ, उष्णता आणि ठेक्याची मजुरी त्याने स्वतः सोसली होती.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे बसतं, त्याने वकिलांचं, लॉजचं, हॉटेलांचं काम वाढेल. आयटी पार्कची मागणी तर जुनीच आहे. या सगळ्याचं स्वागत करावं, पण त्यासाठी लावायची कसोटी उद्यमनगराने घालून दिली आहे: झाडू मारणाऱ्याला शेडचा मालक होण्याची वाट त्या कामातून निघते का? नवे उद्योग आणताना जागा आणि सवलती मोजल्या जातात, ही वाट कुणी मोजत नाही. ती जिथे बंद झाली तिथूनच कोल्हापूरची पोरं बाहेर पडू लागली.