संगणकावर सामुदायिक संगीतरचना

समूहगीत म्हणताना एका मुलाचा सूर चुकला, की साऱ्या वर्गास पुन्हा प्रारंभ करावा लागतो. असे वारंवार घडले म्हणजे तो मुलगा हळूहळू मागे सरतो व अखेर गाणेच सोडून देतो. डिजिटल वाद्यांवर मुलांनी मिळून गीत रचल्यास ही अडचण पुष्कळ अंशी दूर होते.

ही वाद्ये व संगणक यांचे परस्पर दळणवळण ‘मिडी’ नामक संकेतपद्धतीने चालते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत दोन निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये या पद्धतीने जोडून दाखविण्यात आली. मिडीतून ध्वनी जात नाही. कोणती पट्टी, किती जोराने दाबली व केव्हा सोडली, अशी वार्ता जाते. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक दिलेले असतात. त्यामुळे एकच स्वर चुकल्यास तेवढाच बदलता येतो. गळ्याचा आवाज मात्र मायक्रोफोननेच ध्वनिमुद्रित करावा लागतो.

प्रथम पाच-सहा मुलांच्या गटाने लय निश्चित करावी. मिनिटास १२० मात्रांच्या लयीत केरव्याचे ८ मात्रांचे आवर्तन ४ सेकंदांत पुरे होते. आरंभी चार आवर्तनांची, म्हणजे १६ सेकंदांची रचना पुरेशी आहे. एकाने ठेका धरावा, दुसऱ्याने आधारस्वर द्यावा, तिसऱ्याने चाल वाजवावी. प्रत्येकाचा भाग स्वतंत्र ‘ट्रॅक’वर नोंदवावा. नंतर वाजविणाऱ्याने आधीचे भाग हेडफोनमधून ऐकतच आपला भाग भरावा. येथे ऐकणे हाच खरा अभ्यास होय.

परंतु ज्या सोयीने चूक सुधारते, त्याच सोयीने दुसऱ्याचे कामही क्षणात पुसले जाते. संगणकावर ज्याचा हात चपळ, तोच सारे ठरवू लागतो व इतर मुले केवळ प्रेक्षक उरतात. यास्तव काही नियम पाळावेत. संगणक पाळीपाळीने हाताळावा. बदल सुचविणाऱ्याने त्याचे कारण सांगावे. कोणाचाही भाग त्याच्या संमतीवाचून पुसू नये आणि आधीची प्रत नेहमी जपून ठेवावी.

रचना पूर्ण झाल्यावर शिक्षकाने एकेक ट्रॅक क्षणभर बंद करून ती सर्वांस ऐकवावी. आपला भाग गळताच गाणे उणे झाले, हे मागे सरलेल्या मुलाने स्वतःच्या कानांनी ओळखले, म्हणजे त्या तासाचे सार्थक झाले.