पडद्यावरचा पाटील, पडद्यामागचा माळी

भूम तालुक्यातील ईट गावी माझी आत्या राहत असे. सुटीत गेलो असता एकदा तंबूतला सिनेमा पाहायला आम्ही सारे गेलो. पडद्यावर खलनायक आला, तशी आत्या मोठ्याने म्हणाली, ‘‘मेल्याच्या डोळ्यांतच पाप हाय!’’ तो नट म्हणजे निळू फुले.

आता वाचकहो, ज्या माणसाला खेडोपाडीच्या बायाबापड्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली, तो प्रत्यक्षात होता तरी कसा?

नीळकंठ कृष्णाजी फुले पुण्याचे. तरुणपणी ते तेथील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. पगार ८० रुपये. त्यांतले १० रुपये राष्ट्र सेवा दलाला जात! सेवा दलाच्या कलापथकातच त्यांचा अभिनय फुलला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले आणि १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटातल्या झेलेअण्णांनी ते घरोघर पोचवले.

रूप देखणे नाही, आवाज चढा नाही. पण शब्द सावकाश सोडायचा, नजर तिरपी टाकायची, की प्रेक्षकाच्या अंगावर काटा! १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मधला सखाराम त्यांनी रंगभूमीवर उभा केला. त्या नाटकावरून वादळ उठले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे जब्बार पटेल यांच्या ‘सामना’त साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील झाले. समोर डॉ. श्रीराम लागू. हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. आणि १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये? सत्तेचा खेळ पाहून आतून मोडत जाणारा पत्रकार दिगू! खलनायकाचा शिक्का बसलेल्या नटाने तो असा सहज पुसून दाखवला.

विलायतेत अशा नटांना नाटक-सिनेमाचा कणा मानतात. नायक बदलतात, हे टिकतात. आपल्याकडे मात्र भूमिकेचा राग माणसावर निघतो. फुल्यांनी तो राग हसून स्वीकारला. लोक चिडले, म्हणजे काम चोख झाले! पडद्यावर गरिबाला नाडणारा हा माणूस प्रत्यक्षात मात्र सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देता यावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करीत हिंडला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही तो पुढे होता.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या आठवड्यात मी ईटला होतो. वर्तमानपत्रातला मजकूर आत्याला वाचून दाखवला. माळीकाम, ते १० रुपये, सारे काही. म्हातारी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘माळी व्हता व्हय रं? आन् म्या जल्मभर त्याला शिव्या दिल्या की!’’

मी म्हटले, ‘‘आत्या, त्याला दुसरे बक्षीस नकोच होते.’’