‘सिंथेटिक’ वंगण : शब्दाचा अर्थ आणि वस्तूचे मोल

मराठीत ‘सिंथेटिक’ हे विशेषण ज्या वस्तूस लागते, तिच्याविषयी सामान्यतः थोडा संशय उत्पन्न होतो. ‘सिंथेटिक कापड’ म्हणजे सुती नव्हे ते. ‘सिंथेटिक दूध’ म्हणजे तर उघड बनावट. मोटारीच्या इंजिनातील तेलास मात्र हेच विशेषण लागले की त्याची प्रतिष्ठा वाढते, आणि किंमतही. एकाच शब्दाचा एकीकडे अर्थापकर्ष व दुसरीकडे अर्थोत्कर्ष व्हावा, हे शब्दार्थाच्या अभ्यासकास लक्षणीय वाटेल. परंतु त्या शब्दापायी जो अधिक पैसे मोजतो त्याचा प्रश्न निराळा आहे. हा शब्द नेमके काय सांगतो आणि तेवढ्यासाठी अधिक खर्च करणे युक्त आहे काय, याचा विचार येथे संक्षेपाने करावयाचा आहे.

शब्दाचे मूळ ग्रीक आहे. ‘सिन्’ म्हणजे एकत्र आणि ‘थेसिस’ म्हणजे ठेवणे. यातील दुसऱ्या पदाचा धातू व संस्कृतातील ‘धा’ हे मूळचे एकच. म्हणजे लहान घटक जोडून जे बांधलेले ते सिंथेटिक. ‘खोटे’ हा अर्थ त्यात मुळीच नाही. पॉलिअल्फाओलेफिन हे तेल या कसोटीस पूर्णपणे उतरते. इथिलीन वायूपासून डिसीन बनवितात व त्याचे थोडे थोडे रेणू जोडून हे तेल सिद्ध करतात. खनिज तेल कच्च्या तेलातून वेगळे काढून शुद्ध केलेले असते. त्यात नाना आकारांचे रेणू, थोडे मेण व थोडे गंधक शिल्लक राहते. बांधलेल्या तेलाचे रेणू बरेचसे एकसारखे असतात. म्हणून ते कडक थंडीतही वाहते राहते व उष्णतेने लवकर उडून जात नाही.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने मूळ तेलांचे पाच गट केले आहेत. पहिले तीन कच्च्या तेलापासूनचे, चौथा पॉलिअल्फाओलेफिनचा, आणि पाचव्यात एस्टरादी बाकीची सर्व. वादाचे मूळ तिसऱ्या गटात आहे. या गटातील तेलाचे रेणू हायड्रोजनच्या साहाय्याने, मोठ्या दाबाखाली तोडून नव्याने रचलेले असतात. तापमान बदलले तरी तेलाचा दाटपणा किती टिकतो हे दाखविणारा निर्देशांक येथे 120 किंवा अधिक असावा लागतो. अशा तेलास सिंथेटिक म्हणावे काय? कॅस्ट्रॉल कंपनीने ते म्हटले. मोबिलने अमेरिकेतील जाहिरातविषयक स्वयंनियामक मंडळाकडे हरकत घेतली. आणि 1999 साली निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. जर्मनीत मात्र या तेलास ‘एच्. सी. संश्लेषण’ असे वेगळे नाव देण्याचा प्रघात आहे.

अशा रीतीने जो शब्द घडणीचे वर्णन करीत होता, तो गुणवत्तेचा निदर्शक बनला. यात ग्राहकाची फसवणूकच झाली असे म्हणता येत नाही. कारण अतिशीत हवामान सोडल्यास तिसऱ्या गटातील उत्तम तेल चौथ्याच्या बरेच जवळ येते. ‘सेमी-सिंथेटिक’ हा शब्द त्याहून सैल आहे. त्यात सिंथेटिक अंश किती असावा याचे सर्वमान्य प्रमाण ठरलेले नाही.

आता मोलाचा प्रश्न. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2017 साली दोन्ही प्रकारच्या प्रत्येकी पाच तेलांची तुलना केली. सिंथेटिक तेले सरासरीने सुमारे 47 टक्के सरस ठरली, आणि त्यांचा वाढीव खर्च वर्षास सुमारे 64 डॉलर आला. परंतु प्रयोगशाळेतील हे श्रेष्ठत्व प्रत्येक इंजिनास सारखेच उपयोगी पडते असे नाही. ‘0डब्ल्यू-20’ या संज्ञेतील ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा द्योतक आहे. जेथे पाणी सहसा गोठत नाही अशा कोकणात वा देशावर थंडीतील गुणाचा लाभ अल्पच. उष्णतेतील गुणाचे तसे नाही. टर्बोचार्जरच्या तप्त बेअरिंगमध्ये साधे तेल करपून त्याची कोळशासारखी पुटे धरतात. तेथे सिंथेटिक तेलाचे संरक्षण खरे आहे. अनेक नव्या इंजिनांस उत्पादकांनी पातळ तेलच विहित केले आहे, आणि 0डब्ल्यू-20 सारखे तेल साध्या खनिज तेलापासून बनविणे व्यवहार्य नाही. तेथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. उलट, ज्या जुन्या साध्या इंजिनास खनिज तेल विहित आहे व ज्याचे तेल वेळेवर बदलले जाते, त्यास अधिक खर्चाचा मोबदला क्वचितच मिळेल.

आणखी एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. सिंथेटिक तेल अधिक टिकते; तथापि काजळी, न जळलेले इंधन व आर्द्रता त्यातही साचतेच. म्हणून तेल बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच पाळावी.

सारांश, डब्यावरील मोठ्या अक्षरांतील विशेषण हे प्रमाण नव्हे. त्याच डब्यावर लहान अक्षरांत दाटपणाची श्रेणी व गुणवत्तेचे संकेत छापलेले असतात. ते पुस्तिकेशी ताडून पाहावेत. त्या संकेतांचा अर्थ ठरलेला असतो; विशेषणाचा अर्थ मात्र बाजाराबरोबर बदलतो.