घड्याळ नसलेला छापखाना

जेकिल हा ब्लॉगचा छापखाना आहे. वर्डप्रेसमध्ये लेख डेटाबेसात असतो. वाचक आला की पीएचपीतला प्रोग्राम तो बाहेर काढतो, साच्यात बसवतो आणि त्याच क्षणी पान उभे करतो. कॅशेची सोय केलेली नसेल, तर शंभर वाचकांसाठी हा खटाटोप शंभर वेळा होतो. जेकिल सगळी पाने आधीच तयार करून एका फोल्डरात रचून ठेवतो. मागितलेली फाइल उचलून द्यायची, एवढेच काम सर्व्हरला उरते. अशा प्रोग्रामांना स्टॅटिक साइट जनरेटर म्हणतात.

कल्पना जुनीच. २००१ साली आलेला मूव्हेबल टाइपही पाने आधी तयार करून ठेवत असे. कोड साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये रुबी भाषेत जेकिल लिहिला. प्रोग्रामर ज्या सवयीने कोड लिहितो, त्याच सवयीने त्याला लेखही लिहिता यावा, हा त्यामागचा हेतू. त्याच वर्षअखेरीस गिटहब पेजेस सुरू झाले, ब्लॉगला फुकट जागा मिळाली आणि जेकिल पसरला.

लेख ही एक साधी मजकुराची फाइल असते, बहुधा मार्कडाउनमध्ये लिहिलेली. माथ्यावर तीन-तीन आडव्या रेघांच्या मध्ये शीर्षक, साचा, विषय अशी माहिती येते. तिला फ्रंट मॅटर म्हणतात. इथली शिस्त कडक आहे. शीर्षकात अपूर्णविराम आला आणि ते अवतरणचिन्हांत घातलेले नसले, तर ‘पुणे: एक शहर’ एवढ्यावरही गाडी अडते. पानांचे साचे लिक्विड या भाषेत असतात. ती शॉपिफायच्या दुकानांसाठी घडवली गेली होती. बिल्डची आज्ञा दिली की मजकूर साच्यात बसतो आणि एचटीएमएलची पाने बाहेर पडतात. एका नव्या लेखामुळे मुखपृष्ठ, विषयसूची आणि शेजारच्या लेखांखालचे ‘मागील-पुढील’ दुवेही बदलतात, म्हणून एरवी सगळी साइट नव्याने छापली जाते. फक्त बदललेली पाने छापण्याची सोय २०१५ मध्ये आली, पण तिच्यावरची ‘प्रायोगिक’ ही पाटी काही उतरली नाही. थोरल्या साइटचे लोक ह्यूगोकडे वळले. गो भाषेतला हा २०१३ चा जनरेटर वेगासाठीच ओळखला जातो.

मराठी लेखकाला पहिला अडथळा फाइलच्या नावात लागतो, कारण त्याच नावावरून पानाचा पत्ता बनतो. पत्त्यात देवनागरी जशीच्या तशी प्रवास करत नाही. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात दर बाइटची टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हे होतात. ‘मराठी’ या शब्दात काना-वेलांटी धरून पाच चिन्हे. पत्त्यात त्यांची पंचेचाळीस होतात. म्हणून शीर्षक देवनागरीत आणि फाइलचे नाव रोमनमध्ये, अशी तडजोड करावी लागते. तारखेतला महिनाही इंग्रजीतच उमटतो. बारा मराठी नावे साच्यात हाताने लिहावी लागतात.

पण खरी गंमत, आणि खरा मनस्ताप, तारखेत आहे. फाइलच्या नावाची सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशी हवी, आणि तारीख भविष्यातली असेल तर जेकिल तो लेख वगळतो. दिवाळीच्या पहाटे साडेचारला कोणी त्या दिवसाच्या तारखेचा लेख गिटहबवर चढवला, असे समजा. गिटहबचे बिल्ड करणारे यंत्र जागतिक प्रमाणवेळेवर चालते. तिथे आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. म्हणजे लेख उद्याचा ठरतो. बिल्ड सुरळीत पार पडते, यशाची हिरवी खूण उमटते, फक्त लेख नसतो. साडेपाचला तिथे मध्यरात्र उलटते, तरीही तो येत नाही. कारण तयार पानांना वेळ कळत नाही आणि पुन्हा छापायला कोणी सांगितलेले नसते.

सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एशिया/कोलकाता’ अशी वेळ लिहिली की साडेपाच तासांचा घोळ मिटतो. (घरच्या संगणकावर जेकिल चालू असताना ती फाइल बदलली, तर तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, नवखे इथे हमखास अडखळतात.) मात्र पुढच्या सोमवारचा लेख आज लिहून ठेवायचा, तर यंत्राला बाहेरून गजर लावावा लागतो. गिटहबवर ठरावीक वेळी आपोआप बिल्ड करण्याची सोय आहे. तो गजर मुळात प्रमाणवेळेत लावायचा असतो, म्हणजे सकाळी सहासाठी रात्रीचे साडेबारा लिहायचे. गर्दीच्या वेळी तो उशिराही वाजतो. आणि साइटच्या फाइलींचे भांडार सार्वजनिक असेल व त्यात ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर गिटहब तो बंद करून टाकतो. तीन महिन्यांनंतरच्या तारखेचा लेख रचून लेखक गावी गेला, तर त्या तारखेच्या आधीच गजर थांबलेला असतो.